पुढचा ब्रेक

माणूस कसा आहे हे सर त्याच्या चपलेवरून ठरवायचे. चप्पल केवढ्याची हे नव्हे, टाच कशी झिजली आहे हे. आमच्याकडे निम्म्या सायकलींना ब्रेक नसतात आणि उरलेल्यांना असतात ते लागत नाहीत, त्यामुळे माणूस थांबतो तो पाय जमिनीवर घासत. सर शाळेच्या फाटकाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांकडे बघत. टाच एका अंगानं खरवडलेली दिसली की विचारत, "ब्रेक न्हाई ना सायकलला?" समोरचं पोरगं ओशाळून खाली बघायचं. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या बुटांकडेही ते असेच टक लावून बसले. साहेब जीपनं आले होते, तरी त्यांनी हळूच पाय खुर्चीखाली ओढून घेतले. त्या वर्षी तपासणीचा शेरा जरा आखूडच आला.

सर विज्ञान शिकवायचे, मी मराठी. हिंगोलीत आम्ही एकाच शाळेत होतो आणि रेल्वेच्या पटरीपलीकडे एकाच अंगणात भाडेकरू होतो. घरमालकीण एक म्हातारी, धनगराची. तिची मुलं आणि मेंढरं गावाकडे. ती इथं दोन शेळ्या आणि आम्हा दोघांना सांभाळून होती. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची, आम्हीही. सरांची बायको आधीच वारलेली, मुलगी नांदेडला बँकेत. माझं बिऱ्हाड परभणीला. असा आमचा अंगणातला संसार, आणि त्यातल्या त्यात समजूतदार म्हणाल तर शेळ्याच.

सर मला नावानं हाक मारत नसत. "काय मराठीवाले," म्हणायचे. यात कौतुक किती आणि कीव किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांची सायकल डोंगरदऱ्यांत चालवायची, जाड टायरांची, गिअरवाली. रेल्वेच्या कामावर आलेला एक इंजिनिअर बदली होऊन जाताना ती त्यांना देऊन गेला होता, त्याला जमाना झाला. मूळचा लाल रंग उडून विटकरी झालेला. डोंगरातली सायकल सर डांबरी रस्त्यावर चालवतात म्हणून स्टाफरूममध्ये थट्टा व्हायची. पण आमचे डांबरी रस्ते पाहता त्यात फारसा फरक नव्हता. सायकलला घंटी नव्हती. होती ती त्यांनी स्वतः काढून टाकलेली. का म्हणून मी एकदा विचारलं.

"घंटी म्हंजे काय? दुसऱ्याला सांगणं, की तू थांब," सर म्हणाले. "आपल्याला थांबता येऊन राहिलं तर दुसऱ्याला काहून तकलीफ द्यायची?"

त्यांची सगळी विचारसरणी या एका ब्रेकाभोवती बांधलेली होती. पळता गाढवालाही येतं, थांबायला अक्कल लागते, हे ते वर्षातून निदान दहा वेळा वर्गात म्हणत. भांडण, भाषण, लग्नातलं जेवण, कशाचीही पारख ते त्याच मापानं करायचे. स्वातंत्र्यदिनाला एक पाहुणे बोलायला उभे राहिले आणि बसेचनात, तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या सरांनी हात वर करून दोन बोटं हँडलवर मिटावीत तशी मिटली. पोरांना ती खूण पाठ होती. हळूहळू सगळं मैदान दोन दोन बोटं मिटू लागलं. पाहुण्यांना वाटलं ही इथली अभिवादनाची काहीतरी पद्धत असावी. त्यांनीही हसून दोन बोटं मिटून दाखवली आणि पुढं चालू ठेवलं.

पण त्यांचं खरं प्रेम पुढच्या ब्रेकवर होतं. आमच्याकडे लेकराला सायकल शिकवताना पहिला मंत्र देतात तो हा, की पुढचा ब्रेक दाबायचा नाही, तोंडावर आपटशील. पुष्कळ जण नवी सायकल घरी आणली की पुढचा ब्रेक काढूनच ठेवतात, न जाणो चुकून दाबला गेला तर. सरांना याचा मनापासून राग यायचा. "पळतंय कोण? अंग. अंग कुठं जाऊन राहिलं? पुढं. मग त्याला अडवायचं कुठून? मागून?" असं ते विचारत. जडत्वाचा धडा आला की ते पोरांना मैदानात नेत, हेडमास्तरांना विनंती करून एका जागी उभं करत, लांबून जोरात सायकल हाणत येत आणि बूड मागं नेऊन निव्वळ पुढच्या ब्रेकवर सायकल थांबवत. हेडमास्तरांच्या पोटात आणि चाकात एक वीत अंतर उरायचं. हेडमास्तर डोळे मिटून उभे असायचे. भला माणूस होता, दरवर्षी उभा राहायचा.

मावशीशी त्यांचं भांडण कायमचं होतं, आणि मला वाटतं दोघांनाही त्याची भूक लागायची. सर बौद्ध. खोलीत बुद्धाची एक तसबीर आणि बाकी पुस्तकं. नवस, अंगारा, लिंबू-मिरची यातलं काही त्यांना चालत नसे आणि चालत नाही हे ते मनात ठेवत नसत. मावशीच्या उंबऱ्यावर तर या सगळ्याचं दुकानच. दोघांचं सकाळी अंगणात सुरू व्हायचं ते मी दाढी करता करता ऐकायचो.

"देव कुठं हाय ते दाखवा मावशी, म्या लगेच हात जोडतो."

"तुमच्या सायकलीच्या चाकात वारं असतंय, ते दिसतंय का? न्हाई ना? पर नसलं की कळतंय," मावशी म्हणाली.

हे उत्तर सरांना इतकं आवडलं की आठवडाभर स्टाफरूममध्ये ते ज्याला त्याला ऐकवत होते. स्वतःची हार अशी वाजतगाजत मिरवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मावशीच्या गोळ्यांची पाकिटं तेच वाचून द्यायचे, कुठली सकाळची, कुठली रात्रीची. आणि मावशीची भाकरी आणि ठेचा आधी सरांच्या दारात जायचा, मग माझ्या.

एकाच गोष्टीवरून खरी कुरबुर झाली होती. खंडेनवमीला मावशी अंगणातल्या सगळ्या लोखंडाला कुंकू लावायची. विळा, कुऱ्हाड, शेळीची साखळी, शिवणयंत्र, आणि ओघानं सरांची सायकल. सरांनी ते ओल्या फडक्यानं पुसलं आणि तिच्या देखत पुसलं. "मावशी, तुमच्या विळ्याला लावा, माझं काय म्हणणं न्हाई. माझ्या सायकलला नगं." त्या दिवशी ठेचा माझ्याकडे आधी आला, त्यावरून मी काय ते समजलो.

दर रविवारी सर सायकलनं गावी जायचे. गाव औंढा नागनाथच्या पलीकडे. तिथं त्यांचं थोडं रान होतं, हळद असायची, आणि वस्तीतला विहार होता, त्याच्या उभारणीत ते पहिल्यापासून होते. बसनं का जात नाही विचारलं तर म्हणायचे, "बसनं गेलं की गाव येतं. सायकलनं गेलं की रस्ता बी येतो." मला रस्ता येण्याची कधी हौस वाटली नाही. मी बसनं जाणारा माणूस आहे.

मग ती चिकुनगुन्याची साथ आली. अर्धी गल्ली आडवी झाली. ताप सगळ्यांचा गेला, पण सरांच्या बोटांतलं दुखणं काही जाईना. सकाळी उठल्यावर मूठ मिटायची नाही. खडू धरायचे तो तीन बोटांत, चिमटीत धरल्यासारखा. जुन्या सायकलचे ते ब्रेक, चाकाच्या कडेला रबर घासून थांबवणारे. त्यांची केबल ओढायला हाताला जोर लागतो. सर कोमट पाण्यात हात बुडवून बसायचे आणि मग निघायचे. एका रविवारी औंढ्याच्या अलीकडच्या उतारावर मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. सरांनी ब्रेक दाबला, म्हणजे दाबायचं ठरवलं. बोटं अर्ध्यातच थांबली. सर सायकलसकट कळपात शिरले. मेंढरांना काही झालं नाही. सरांचं कोपर आणि गुडघा सोलून निघाला.

मावशीनं हळद आणली, लावली, आणि मेंढराची बाजू घेऊन तासभर बोलली. "एखादं गाभण मेंढरू असतं म्हंजे?"

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. बापासारखीच सरळ बोलणारी, फक्त बाप थांबून बोलायचा, ती थांबायची नाही. सरांना निवृत्तीला आता वर्षही उरलं नव्हतं. नांदेडच्या घरात तिनं त्यांच्यासाठी एक खोली केव्हाची तयार ठेवली होती. तिनं अंगणात माझ्यासमोर, मावशीसमोर विषय मिटवला. "अजून एकदा पडलात बाबा, तर सायकल बंद. आणि निवृत्तीची वाट बघायची नाही, लगेच माझ्याकडे यायचं. शब्द द्या."

सर शब्द सहसा देत नसत. दिला की पाळावा लागतो अशी त्यांची जुनी समजूत होती. बराच वेळ ते शेळ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दिला."

मुलगी गेल्यावर मी म्हणालो, नांदेडला काय वाईट आहे, मुलगी आहे, नातू आहे, दवाखाने आहेत. "वाईट काय बी न्हाई," सर म्हणाले. "पर तिथं मी दिवसभर बापच ऱ्हाईन." मला तेव्हा हे तितकंसं उमगलं नाही. माझ्या घरी दोन महिने सलग राहून आल्यावर उमगलं.

एवढं झाल्यावर दुसऱ्या कुणी सायकल सोडली असती. सरांनी ब्रेक बदलायचं काढलं.

मोटारसायकलला असते तशी चाकाच्या मधोमध एक पोलादी चकती, तिला दोन्हीकडून दाबणारा चिमुकला जबडा, आणि केबलऐवजी नळीतलं तेल. त्याला जोर लागत नाही, एका बोटानं भागतं, असं ते मोबाइलवर बघून शिकले. मग कळलं की जुन्या सायकलला तो जबडा बसवायला जागाच नाही. म्हणून पुढचं चाक धरणारा चिमटा नवा. चकती बसायची तर चाकाचा मधला तुंबा वेगळा, म्हणजे चाक नवं. पुण्याहून चिमटा आला तर त्याच्या मानेला आटे नव्हते, जुन्याला होते, म्हणून मानेतल्या छऱ्यांच्या वाट्या नव्या. पुढचा एक ब्रेक बदलायला निघालेले सर निम्मी सायकल बदलून बसले. मागचा मात्र जुनाच ठेवला. "मागचा निस्ता सोबतीला," म्हणाले.

हे सगळं चाललं होतं एसटी स्टँडमागच्या एका मिस्त्रीकडे. तो मोटारसायकली दुरुस्त करायचा आणि सायकल हातात घेणं त्याला कमीपणाचं वाटायचं. "सर, काहून एवढी तकलीफ घेऊन राहिले? एवढ्यात जुनी स्कूटी बसती."

"स्कूटीवर बसावं लागतं," सर म्हणाले. "मला चालवायची हाय."

मिस्त्रीनं माझ्याकडे बघून मान हलवली. मी पण हलवली. पण सरांनी त्याला सोडलं नाही. चकतीला बोट लावू देईनात. "बोटाला तेल असतं बाबा. तेल नळीच्या आत पाहिजे. बाहेर एक थेंब लागला की खलास, दाबत बसा मग." मी नकळत एकदा चकतीवर हात ठेवला तर मला बाजूला सारून त्यांनी ती स्पिरिटनं पुसली, आणि नंतर माझ्या बोटांकडेही जरा तिरस्कारानं पाहिलं. हे चकतीपुराण त्यांनी मिस्त्रीला, मला, स्टाफरूमला, आठवी-नववीच्या सगळ्या तुकड्यांना सांगितलं. मावशीला तेवढं सांगितलं नाही. मावशीचा आणि ब्रेकचा काही संबंध येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

सायकल घरी आली ती पुढून उंच होऊन, बैलानं मान वर करावी तशी. नवा ब्रेक मुरवावा लागतो म्हणे. त्यासाठी जोरात यायचं आणि थांबायचं, परत जोरात यायचं आणि थांबायचं. सर संध्याकाळभर गल्लीत तेच करत होते. बायका ओट्यावर येऊन बसल्या. मावशीनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "सर, कुठं जायचं ते ठरंना का तुमचं?"

त्या संध्याकाळी सरांनी मला बोलावून उजव्या हाताचं एकच बोट ब्रेकच्या दांडीवर ठेवलं. तेच बोट, सकाळी खडू धरताना दुखायचं ते. हलकेच दाबलं. चाक जागच्या जागी थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात बऱ्याच लोकांना बढत्या मिळताना, पोरांची लग्नं होताना, प्लॉट घेताना पाहिलं आहे. तसा चेहरा मी कुणाचा पाहिला नाही. मला त्यांचा हेवा वाटला, आणि सायकल चालवणाऱ्या माणसाचा हेवा वाटावा हे मला स्वतःलाच चमत्कारिक वाटलं.

पुढचे दोन महिने ते अगदी सुखात होते. रविवार चुकला नाही. मुलीला फोनवर सांगायचे, "पडलो न्हाई," आणि ठेवून द्यायचे.

दसरा आला. सरांचा तो दसरा नव्हे. त्यांचा धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. दरवर्षी त्या सकाळी पांढरे कपडे घालून ते गावच्या विहारात जायचे, वंदनेला. आदल्या दिवशी, नवमीला, ते संध्याकाळपर्यंत शहरातल्या विहारात पताका लावायला पायीच गेले होते. मावशीची लोखंडाची पूजा झाली. मी ओसरीत पेपर वाचत होतो. सायकलपाशी ती जरा वाकून बसलेली दिसली, पण शेळ्यांच्या लेंड्या झाडायला ती सगळ्या अंगणभर वाकतच असते. सायकलला हार नव्हता, हँडलवर कुंकू नव्हतं, काही नव्हतं.

सकाळी सर उजाडता उजाडता निघाले. निघण्याआधी रोजच्यासारखा ब्रेक दाबून बघितला. मी खिडकीतून बघत होतो. दांडी घट्ट लागली. गल्लीतून ते सायकल हातात धरूनच न्यायचे. आणि सपाट रस्त्यावर त्यांना ब्रेक असा लागतच नसे. पुढं काही दिसलं की लांबूनच पायडल थांबवायचे. तेव्हा ब्रेकची खरी गरज पडली ती औंढ्याच्या उतारावरच.

मी परभणीच्या गाडीसाठी पिशवी भरत होतो तेव्हा फोन आला. भाजीच्या टेम्पोवाल्यांनी सरांना उचलून हिंगोलीला आणलं होतं. मी दवाखान्यात पोहोचलो तोवर गळ्याखालचं डावं हाड मोडल्याचं फोटोत दिसलं होतं. पांढऱ्या सदऱ्याला माती आणि हिरवा चोथा लागलेला. ते शेवटी बांधावरून कुणाच्या सोयाबीनमध्ये गेले होते. दुखत असणारच, पण ते दुखण्याचं बोलत नव्हते. कपाळाला आठी घालून एकच गोष्ट सांगत होते.

"मराठीवाले, बोट बराबर चाललं. दांडी घट्ट होती. चाक थांबलंच न्हाई. अशानं कसं होईल?"

दुपारी हात गळ्यात बांधून त्यांना घरी सोडलं. मावशी दारात उभी होती, तोंडाला पदर लावून. सरांना बघून ती आत गेली, आणि स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज सुरू झाला. टेम्पोवाल्यांनी सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती. सर खोलीत गेलेच नाहीत. तसेच सायकलपाशी उकिडवे बसले आणि पुढच्या चाकात डोकं घातलं.

चकतीवर लालसर ओघळ होता. जबडा जिथवर घासतो तिथं तो सगळीकडे पसरलेला. पण आतल्या अंगाला, चकतीच्याच मधल्या आऱ्यांवर, जिथं जबडा पोचत नाही, तिथं कुंकवाची पाच बोटं उमटली होती तशीच होती. बाहेरून बघणाऱ्याला दिसू नयेत अशा बेतानं लावलेली. सरांनी त्यावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि माझ्यापुढं धरलं.

"करडई," मी म्हणालो.

कोरडं कुंकू लोखंडाला धरत नाही म्हणून मावशी ते नेहमी करडईच्या तेलात कालवायची. तिच्या स्वयंपाकघरातून आत्ताही त्याच तेलाच्या फोडणीचा वास येत होता. सरांसाठी काहीतरी चाललं असावं.

मग मला एकदम सुचलं आणि मी उत्साहानं बोलायला लागलो. म्हटलं, सर, सुटलात तुम्ही. हात चालला, ब्रेकही धड आहे, तेल लागलं म्हणून पडलात. मुलीला हे दाखवा. तिनं शब्द घेतला तो तुमच्या बोटांचा. हे पडणं त्यात धरायचंच नाही. मी साक्षीला आहे.

"पोरगी चांगली हाय," सर म्हणाले, "पर तिच्या तोंडाला ब्रेक न्हाई. मावशीला बोलंल."

"बोलेल. दोन दिवसांनी विसरेल."

"पोरगी इसरंल. मावशी?" त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. "आपल्या हातानं माणूस पडला हे एकदा तिला कळलं, की ती परत कशाला बी कुंकू लावणार न्हाई."

"मग तुम्हाला ते बरंच की," मी म्हणालो. "इतकी वर्षं हेच तर सांगताय तिला."

वर्गात अगदीच बावळट उत्तर आलं की सर ज्या नजरेनं बघायचे तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "स्पिरिट आणा. आन फडकं."

मी आणून दिलं. पुसायला लागलो तर मला पुसू दिलं नाही. उजव्या हातानं, त्या न मिटणाऱ्या बोटांत फडकं धरून, त्यांनी चकती पुसली, जबड्याच्या आतही फडकं फिरवलं. आतली पाचही बोटं पुसली. वेळ लागला. दर थोड्या वेळानं ते थांबून श्वास घ्यायचे, कारण वाकलं की खांद्यात कळ येत होती. फडकं मी अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीत टाकलं.

संध्याकाळच्या गाडीनं मुलगी आली. आधी रडली, मग रागावली, मग सायकलकडे बघून म्हणाली, "एवढा नवा ब्रेक बसवला होता ना? लागला नाही का?"

मावशी उंबऱ्यात बसली होती. मी सरांकडे बघत होतो. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं हे मला चांगलं ठाऊक आहे. मी सांगून टाकलं असतं आणि वर मावशीला म्हटलं असतं, जाऊ द्या हो, होतं असं.

"ब्रेक बराबर हाय," सर म्हणाले. "बोटं मिटली न्हाईत माझी."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मुलीनं मान हलवली, तिला तेच वाटलं होतं. शब्दाची आठवण तिनं काढली नाही, आणि तशी गरजही नव्हती. सरांनीच सांगितलं की सायकल मिस्त्रीकडे पोचती करा, त्याला उपयोगी पडेल. मी दुसऱ्या दिवशी ती हातात धरून नेली. मिस्त्रीनं चाक उचलून फिरवलं, एका बोटानं ब्रेक दाबला आणि म्हणाला, "ह्याला काय झालंय? मस्त लागून राहिला की." मी म्हटलं, काही झालेलं नाही.

रजेचा अर्ज गेला. हाड जुळेपर्यंत सर इथंच होते, कारण डॉक्टरांनी धक्के नकोत म्हणून सांगितलं होतं. त्या दिवसांत त्यांचं आणि मावशीचं भांडण झाल्याचं मी ऐकलं नाही. ती दोन वेळचं जेवण आणून द्यायची, ते जेवायचे, ती ताट घेऊन जायची. अंगण फार शांत होतं आणि मला ते आवडत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर मुलगी गाडी घेऊन आली. पुस्तकं आधीच गेली होती. तसबीर सरांनी स्वतः मांडीवर घेऊन न्यायची ठरवली होती. गाडीचं दार उघडून मुलगी उभी राहिली. मावशी आली, आणि बराच वेळ नुसती पदराचं टोक पिळत उभी राहिली.

"सर, एक सांगू का? रागावू नका," ती म्हणाली. "म्या नवमीला तुमच्या सायकलीला कुंकू लावलं व्हतं. तुमाला आवडत न्हाई म्हनून आतल्या अंगानं लावलं, त्या नव्या चकतीला. मागच्या बारीला पडला तवापून जीवाला घोर व्हता माझ्या. तुमी पुसून टाकलं असतं."

मुलगी सरांकडे बघत होती, मी शेळ्यांकडे.

"एवढ्या उतारावून पडला तुमी," मावशी म्हणाली, "अन् निस्तं एक हाड मोडलं. ते कुंकू व्हतं म्हनून. आता तरी व्हय म्हना."

सरांनी तसबीर एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. नवस करणाऱ्यांशी, अंगारे देणाऱ्यांशी, गंडे बांधणाऱ्यांशी हा माणूस जन्मभर भांडला होता. लग्नाच्या पंगतीत भांडला होता, एसटीत उभ्यानं भांडला होता.

"व्हय मावशी," ते म्हणाले. "त्यानंच वाचलो."

मावशीचा चेहरा असा काही उजळला की मुलगीही हसली. मावशी माझ्याकडे वळली. "ऐकलं का मास्तर?"

"ऐकलं," मी म्हणालो.